तिशीच्या आसपास आयरिश नाच शिकायचा तर

आयरिश नाच म्हटलं की डोळ्यांपुढे 'रिव्हरडान्स' येतं. ३० एप्रिल १९९४ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात जेमतेम सात मिनिटांचा तो नाच झाला. संगीत बिल व्हीलनचं, पुढे जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली, मागे बुटांचा कडकडाट करणारी लांबच लांब रांग. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्ण लांबीचा प्रयोग रंगमंचावर आला. हे बघून वर्गात गेलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस पहिल्याच दिवशी तो कडकडाट करणारे कडक बूट मागतो. मीही मागितले होते. नोकरीसाठी डब्लिनला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी कुणाचे तरी वापरलेले बूट स्वस्तात घेतले, भाड्याच्या घरातल्या फरशीवर बडवबडव बडवले आणि तिसऱ्या आठवड्यात नडग्या अशा धरल्या की जिना उतरताना कठड्याला लटकायची वेळ आली. म्हणून मी चुकवलेला क्रम आधीच सांगून टाकते: पहिल्यांदा कान, मग पोटऱ्या, मग चारचौघांबरोबरचा नाच, आणि कडक बूट सगळ्यात शेवटी.

आधी ठरवा, कुठला नाच

एकाच नावाखाली निदान चार नाच आहेत. रिव्हरडान्समध्ये दिसतो तो 'स्टेप डान्स': हात बाजूला सरळ, धड ताठ, सगळी करामत गुडघ्याखाली. स्पर्धा असतात त्या मुख्यतः याच्या. दुसरा 'केली', म्हणजे जोड्याजोड्यांनी, समोरासमोर किंवा गोलात करायचा नाच. गंमत अशी, की या नावाचा पहिला जलसा आयर्लंडमध्ये नाही तर लंडनमध्ये झाला, १८९७ साली, गेलिक लीग या आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी भरवलेला. तिसरा 'सेट', क्वाड्रिल या फ्रेंच नाचावरून आलेला, चार जोड्यांचा चौकोन करून नाचायचा. आयर्लंडच्या क्लेअर आणि केरी या भागांत तो अजून जोरात आहे. चौथा 'शान-नोस', पश्चिम आयर्लंडातल्या कॉनेमाराकडचा. त्यात पाय जमिनीलगत, हात मोकळे आणि पावलं जागच्या जागी सुचतील तशी.

माझं मत विचाराल तर मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्याने स्टेप डान्सचा वर्ग आणि केली, दोन्ही एकदम धरावं. नुसत्या स्टेपच्या वर्गात शेजारची नऊ वर्षांची मुलगी हरणासारखी उडते आणि आपलं मन खचतं. केलीमध्ये मात्र सत्तरीचे आजोबा हात धरून तुम्हाला ओळीत ओढून नेतात, आणि तिथे शिकलेली पावलं स्टेपच्या वर्गात तशीच्या तशी उपयोगी पडतात.

वर्ग शोधताना

डब्लिनच नाही, तर लंडन, न्यू जर्सी, शिकागो, मेलबर्न, जिथे जिथे आयरिश माणूस पोटापाण्यासाठी गेला तिथे तिथे नाचाची शाळा निघाली आहे. आपली मराठी माणसंही नेमकी याच शहरांत भरपूर आहेत. शिक्षकाच्या नावापुढे 'टीसीआरजी' ही अक्षरं दिसली, तर त्यांनी 'अन कमिशून ले रिंकी गेलखा' या डब्लिनच्या संस्थेची शिक्षकाची परीक्षा दिलेली असते. दुसऱ्याही संस्था आहेत. १९६९ साली फूट पडून 'अन कोदाल' वेगळी झाली, तिचे शिक्षकही उत्तम असतात. पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तेवढ्यापुरतं शाळा कुठल्या संस्थेची हे महत्त्वाचं.

फोनवर दोनच गोष्टी विचारा. प्रौढ नवशिक्यांचा वर्ग वेगळा आहे का? आणि जमीन लाकडाची आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काँक्रीटवर पातळ गालिचा' असं आलं, तर पहिल्याचं कितीही गोड आलं तरी जाऊ नका.

जवळपास वर्गच नसेल तर ऑनलाइन शिकता येतं, पण नुसत्या चित्रफिती बघून नको. शिक्षकाला तुमचे पाय दिसले पाहिजेत. पाय एकमेकांवर किती चढलेत हे आपलं आपल्याला वरून कळत नाही. वरून अगदी नेटकं वाटतं आणि समोरून बघावं तर मध्ये वीतभर फट. फोन जमिनीलगत समोर ठेवून स्वतःचं चित्रीकरण करा. पहिल्यांदा बघताना लाज वाटेल, ती वाटू द्या.

कान तयार करणं

इथे आपण मराठी माणसं थोडी पुढे असतो. नवशिक्याला पहिल्यांदा दोन लयी वेगळ्या ओळखता याव्या लागतात: जिग आणि रील. जिग सहाच्या हिशेबाची, तीन-तीनचे दोन गट. दादरा ज्याच्या कानात आहे त्याला 'धा धिं ना, धा तीं ना' म्हणत जिग लगेच सापडते. आयरिश लोक हेच 'रॅशर्स अँड सॉसेजेस' असं घोकून शिकवतात, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप आणि सॉसेज; शाकाहारी मंडळींनी दादऱ्यावर भागवावं. रील चारच्या हिशेबाची आणि पळती, केहरव्याच्या जवळची. तिसरी स्लिप जिग, तीन-तीनचे तीन गट म्हणजे नऊची. ती तरंगत जाते आणि फक्त मऊ बुटांत नाचतात. हॉर्नपाइप चारचीच, पण लंगडत, झोका घेत चालणारी.

पहिला महिनाभर रोज बसमध्ये, भांडी घासताना, पंधरा मिनिटं अशा धुना ऐका आणि प्रत्येक कुठल्या लयीची आहे ते सांगायचा प्रयत्न करा. मग आठचा हिशेब पकडा. बहुतेक धुनांत आठ बारचा (बार म्हणजे लयीचं एक छोटं आवर्तन) एक भाग दोनदा वाजतो, मग दुसरा आठ बारचा भाग दोनदा: एकूण बत्तीस. नाचाची 'स्टेप' आठ बारची असते. ती उजव्या पायाने सुरू करून एकदा करायची, आणि मग जशीच्या तशी डाव्या पायाने. म्हणजे निम्मंच पाठ करायचं आहे. अर्थात हे डाव्या पायाला पटवायला सहा महिने जातात.

पोटऱ्या आणि घोटे

मऊ बुटांच्या नाचात टाच जमिनीला टेकत नाही. सगळं चवड्यावर. कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्यांना लयीचा फायदा मिळतो, पण एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे पाऊल सपाट आपटून जमिनीकडे वजन द्यायचं असतं, इथे सतत वर खेचलं जायचं असतं, डोक्याला कुणी दोरी बांधल्यासारखं.

लहान मुलाची हाडं-स्नायू हे वर्षानुवर्षं सावकाश शिकतात. आपण आठवडाभर खुर्चीत बसतो आणि गुरुवारी संध्याकाळी तासभर उड्या मारतो. पोटऱ्या, टाचेमागची शीर आणि नडगी बोलायला लागणारच. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहा, टाच सावकाश वर, सावकाश खाली. वर जाण्यापेक्षा खाली येताना जास्त वेळ घ्या. रोज, दोन्ही पायांनी. न थांबता वीस वेळा जमेपर्यंत मी उड्यांचा सराव दहा मिनिटांच्या पुढे नेत नाही, असा माझा नियम आहे. शिवाय दोरीच्या उड्या, आणि हो, लंगडी! शाळेच्या मैदानावर घातलेली लंगडी हा या नाचाचा निम्मा पाया आहे. फक्त इथे लंगडी बुटकी आणि आवाज न करता घालायची.

नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल आणि विश्रांती घेऊनही थांबत नसेल, तर ते स्नायूंचं दुखणं समजून रेटू नका. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

घरी सरावासाठी शहाबादी किंवा टाइल्सची जमीन वाईटच. रबरी चटईवर प्लायवूडची फळी टाका. नुसत्या जाड फोमवर नको, घोटा मुरगळतो.

पहिली पावलं

'हॉप-वन-टू-थ्री'पासून सुरुवात होते. डाव्या पायावर छोटी लंगडी, उजवा पुढे पडतो, डावा मागून येऊन त्याच्या टाचेला लागतो, उजवा पुन्हा पुढे. मग उजव्या पायावर लंगडी घेऊन तेच डाव्याने. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढंच करत राहायचं. गुडघे एकमेकांना झाकतील इतके पाय एका रेषेत.

मग 'सेव्हन्स'. उजवीकडे सरकायचं: उजवा पाय कायम पुढे, डावा कायम त्याच्या मागे, सात आकड्यांपर्यंत. मग जागच्या जागी दोन 'थ्री', म्हणजे एक-दोन-तीन अशी पावलं, त्यात मागचा पाय पुढचा होतो, आणि उलट सात मोजत परत. काही शिक्षक आयरिश भाषेत मोजतात: अ हेन, अ दो, अ त्री... सातला 'शॉख्त'. दोन, तीन, सात यांची ही लांबची भावंडं ऐकली की वर्गात जरा घरच्यासारखं वाटतं.

हातांचा विचार पहिले दोन महिने करू नका. हात ताठ का, याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, कुणी पाद्र्यांवर ढकलतं, कुणी दाटीवाटीच्या स्वयंपाकघरांवर; सिद्ध एकही झालेली नाही. हात मुद्दाम ताठ धरले की खांदे कानांशी जातात आणि श्वास अडकतो. मूठ सैल मिटा, अंगठा पुढे, श्वास सोडा. पाय सवयीचे झाले की हात आपोआप गप्प बसतात.

पहिली केली

सहा-आठ आठवड्यांनी, 'सेव्हन्स' आणि 'थ्री' न अडखळता जमायला लागले की बिनदिक्कत जा. 'वॉल्स ऑफ लिमरिक' बहुधा असतोच, आणि नवशिक्याला त्याच्याइतका सोपा नाच नाही. दोन जोड्या समोरासमोर. आठ बार पुढे जाणं आणि मागे येणं, दोनदा. आठ बारांत आधी बायकांनी, मग पुरुषांनी जागा बदलायच्या. आठ बार समोरच्या जोडीदाराबरोबर. आठ बार आपल्या जोडीदाराबरोबर गोल फिरत पुढच्या जोडीसमोर. झाले बत्तीस, धून संपली, पुन्हा पहिल्यापासून, समोर नवे चेहरे. दहा मिनिटांत अर्ध्या हॉलशी ओळख होते.

केलीच्या नाचांत हाताची अढी घालून गरगर फिरायची जागा येते. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी नकळत मागे झुकले, पाय जवळ घेतले आणि फुगडी सुरू केली. समोरच्या बाईंचे डोळे विस्फारले, पण त्याही झुकल्या. मंगळागौरीला जागलेल्या कुणालाही ही जागा शिकवावी लागत नाही. फक्त वेग बेताचा ठेवा, शेजारी आणखी वीस जोड्या असतात.

चुकलात तर थांबू मात्र नका. चालत राहा, कुणीतरी हात धरून योग्य जागी नेतंच.

बूट

पहिला महिना मोजे किंवा पातळ तळव्याचे बूट पुरतात. मग मऊ चामड्याचे, नाडीचे 'गिली'. पुरुषांचे वेगळे, टाच असलेले. गिली मोज्यासारखे घट्ट हवेत. चामडं सैल पडतं, म्हणून 'थोडे मोठेच बरे' हा आपला बाटाच्या दुकानातला हिशेब इथे उलटा करा.

कडक बुटांना पुढे आणि टाचेला फायबरग्लास असतं. पायाला ते विटेसारखे जड लागतात. निदान सहा-आठ महिने मऊ बुटांत काढल्यावर, आणि शिक्षकांनी स्वतः म्हटल्यावरच घ्या. त्यांतही हळू लय सोपी असेल असं समजू नका: वरच्या पातळीवरची ट्रेबल जिग, म्हणजे कडक बुटांतली जिग, मिनिटाला ७३ ठोक्यांवर नाचतात, नवशिक्यांची ९२वर. संथ लयीत दोन ठोक्यांमध्ये जास्त आवाज कोंबायचे असतात.

स्पर्धा हवी असेल तर

स्पर्धेला 'फेश' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी प्रौढांचे गट वेगळे असतात, तेव्हा मुलांशी सामना नाही. कुरळे टोप आणि हजार युरोंच्या पुढे जाणारे चमचमते पोशाख तुमच्यासाठी नाहीत. साधा काळा झगा किंवा पँट-शर्ट चालतो का ते शिक्षकांना विचारा.

मंचावर गेल्यावर वादक सुरुवातीचे आठ बार नुसते वाजवतो. तेवढा वेळ उजवा पाय पुढे टेकवून स्थिर उभं राहायचं आणि मनात मोजायचं. दोघं-तिघं एकदमच नाचतात, आणि प्रत्येकाच्या शाळेची स्टेप वेगळी असते. शेजारी डावीकडे निघाली म्हणून तुम्ही डावीकडे निघू नका.