बंगल्यातल्या स्विमिंग पूलच्या पायऱ्या: काँक्रीटआधी मापं अशी तपासा

पूलच्या पायऱ्यांत मधल्या पायऱ्या सहसा चुकत नाहीत. चुकतात त्या पहिली आणि शेवटची. कारण पायरी, तळ आणि काठ या तिन्हींवर चढणारं फिनिशिंग वेगवेगळ्या जाडीचं असतं आणि मिस्त्री मात्र शटरिंगमध्ये (काँक्रीट ओतायच्या साच्यात) सगळे राइजर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या उंची, सारखे वाटून मोकळा होतो.

उदाहरण घ्या. कोपिंगच्या (काठावरच्या दगडाच्या) तयार, म्हणजे फिनिशिंगनंतरच्या, माथ्यापासून उथळ बाजूचा तयार तळ १२०० मिमी खाली. सहा राइजर धरले तर प्रत्येकी २०० मिमी, मध्ये पाच पायऱ्या. कोपिंगचा दगड आणि खालचा मसाला मिळून ६० मिमी, पायरीवर वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, मोझॅक मिळून ३५ मिमी, तळाला उतार देणारा कोबा धरून ६० मिमी. म्हणजे काँक्रीटमध्ये पहिला राइजर १७५, मधले २००, शेवटचा २२५ असा हवा. सगळे २०० ठेवले, तर टाइल लागल्यावर पहिला २२५ आणि शेवटचा १७५ होतो. पाण्याखाली पायरी नीट दिसत नाही, पाय सवयीने पडतो. तिथेच माणूस अडखळतो. तुमच्या कामातल्या जाड्या वेगळ्या असतील, म्हणून टाइल आणि दगड आधी ठरवा.

राइजर १८० ते २३० मिमी सोयीचा. ३०० च्या वर नकोच. पायरीची रुंदी, म्हणजे पाय ठेवायची पुढून मागची जागा, किमान ३०० मिमी. कोपिंग आत ३० मिमी झुकत असेल, तर पहिल्या पायरीवर पाय ठेवायची जागा तेवढीच कमी होते. ती पायरी ३३० मिमी धरा.

मोजताना एका पायरीवरून दुसरीवर टेप लावत जाऊ नका, चूक साचत जाते. पूलबाहेर न हलणाऱ्या भिंतीवर कोपिंगच्या तयार माथ्याची खूण करा आणि प्रत्येक पायरी तिथूनच लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजा. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, त्यामुळे दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे ना, ते आधी बघा. प्रत्येक पायरी डावीकडे, मध्ये, उजवीकडे तपासा. कोपऱ्यांना काटकोनासाठी गुण्या लावा, कर्ण मोजा.

हे तीनदा करायचं: काँक्रीट ओतण्याआधी, शटरिंग काढल्यावर, आणि प्लास्टर झाल्यावर टाइलआधी. पहिली तपासणी सगळ्यांत स्वस्त. त्याच वेळी रेलिंगचे सॉकेट आणि पायरीतल्या लाइटचे कोनाडे जागेवर आहेत का, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे ठोकळे) पायऱ्यांच्या सळईखालीही आहेत का, तेही बघा. बरेचदा ते फक्त तळाला लावलेले असतात.

तयार राइजरमधला फरक ५ मिमीच्या आत ठेवा. पायरी खाली गेली असेल तर पृष्ठभाग टोचून, बाँडिंग कोट (जुन्या-नव्याला चिकटवणारा लेप) देऊन पॉलिमर मॉर्टरने थरांत भरता येते. वर आली असेल तर छिन्नी मारू देऊ नका. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, जातं आणि क्लोरीनचं पाणी झिरपलं की ती गंजते. अशा वेळी बाकीच्या पायऱ्या थोड्या उचलून फरक वाटून घ्या.

टाइल लावताना प्रत्येक नाकाडावर (पायरीच्या पुढच्या कडेवर) ५० मिमीची गडद पट्टी हवी, फिकट निळ्यावर गडद निळी. डिझायनर नको म्हणेल, ऐकू नका.