स्लीप ॲप्निया आणि सोबतीला आमवात, शुगर, बीपी : या चुका टाळा

मला आमवात आहे, १४ वर्षं झाली, थायरॉइड त्याच्याही आधीपासून. त्यामुळे थकवा हा शब्द आमच्या घरात इतका रुळलेला की मी दुपारी भाजी निवडता निवडता पेंगले तरी कोणाला नवल वाटायचं नाही, मलाही नाही. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री तीनदा बाथरूम. डोकं जड म्हणजे मानेचं असेल, बाथरूम म्हणजे वय झालं, थकवा म्हणजे आमवात, प्रत्येक तक्रारीला एक जुनं उत्तर घरातच तयार होतं. साडेतीन चार वर्षं अशीच गेली. मग एका रात्री मिस्टर उठून बसले अन् म्हणाले, "अगं तू मधेच थांबून जाते, मी मोजून राहिलो होतो, वीस पर्यंत मोजलं अन् मग तू एकदम दचकून श्वास घेतला."

स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी, केली तर स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडायचा आजार, आणि एएचआय ३४. म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबत होता नाहीतर अर्धवट होत होता, आणि प्रत्येक वेळी कमीत कमी १० सेकंद. ५ च्या खाली नॉर्मल धरतात, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. मी तीव्र मधे होते आणि माझ्या एकाही फाइलमधे झोपेबद्दल एक ओळ नव्हती.

आता खाली जे लिहितेय त्यातल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या आहेत, काही आमच्या कॉलनीत आणि चेस्टच्या ओपीडीत बाकावर बसून ऐकलेल्या.

सगळं जुन्या आजाराच्या नावावर टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि यातून बाकीच्या निघतात. रात्रीच्या बाथरूमचंच घ्या. शुगरवाल्याला वाटतं शुगर वाढली, पुरुष असेल तर प्रोस्टेट, बीपीची पाणी काढायची गोळी असेल तर ती. असूही शकतं. पण ॲप्नियात काय होतं, घसा बंद असताना छाती जोर लावून हवा ओढायला बघते, त्या ओढीने हृदयाकडे रक्त जास्त खेचलं जातं, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालं आणि ते एक हार्मोन सोडतं जे किडनीला सांगतं की पाणी बाहेर टाक. म्हणजे तुम्ही लघवीसाठी उठत नाही, श्वास अडला म्हणून जाग येते आणि तोपर्यंत पिशवी भरलेली असते. माझं तीनदाचं एकदावर आलं ते सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारी मशीन, लागल्यावर, कुठल्याही गोळीने नाही.

तसंच बीपी. तीन तीन गोळ्या चालू आहेत, मीठ कमी केलंय, आणि तरी सकाळचं बीपी वरच, अशा माणसाने झोपेची तपासणी मागूनच घ्यावी. थायरॉइड कमी असेल तर त्यानेही ॲप्निया वाढतो, म्हणून टीएसएच ताजा असू द्या, वर्षभरापूर्वीचा रिपोर्ट चालवू नका.

बायकांचं अजून वेगळं. आपण फार मोठ्याने घोरत नाही, किंवा घोरतो पण सांगायला कोणी नसतं, आणि आपली लक्षणं म्हणजे झोप न लागणं, डोकं दुखणं, चिडचिड, थकवा. ते ऐकून मला एकाने सरळ झोपेची गोळी लिहून दिली होती. पाळी गेल्यावर बायकांमधे ॲप्नियाचं प्रमाण वाढतं, हे मला कोणीतरी पन्नाशीत सांगायला हवं होतं.

डॉक्टर चार, पण त्यांना एकमेकांची गोळी माहीत नाही

हे नीट वाचा, यात जिवाचा प्रश्न आहे. ज्याला जुनं दुखणं असतं त्याच्याकडे दुखण्याची गोळी असते आणि बऱ्याचदा त्यात ट्रॅमाडॉल असतं. ते ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषध आहे, झोपेत श्वास मंद करतं. शुगरवाल्यांच्या पायाची आग होते म्हणून प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन देतात, त्यांच्याबद्दलही अमेरिकेच्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएने डिसेंबर २०१९ मधे सावध केलं की ज्यांना आधीच श्वासाचा त्रास आहे किंवा जे दुसरी गुंगीची औषधं घेतात त्यांनी जपून. वरून झोपेसाठी, घाबरण्यासाठी देतात ती अल्प्राझोलाम, वरून लग्नात दोन पेग. एकेक वेगळं ठीक वाटतं, पण रात्री अकराला हे सगळं एकाच पोटात असतं.

मी काय केलं, एका कागदावर सगळ्या गोळ्या लिहिल्या, नाव, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी, आणि सगळ्यात वर जाड अक्षरात स्लीप ॲप्निया, सीपॅप चालू. आमच्या नागपुरात धंतोली असो रामदासपेठ असो की मेडिकल कॉलेज, कुठेही गेले की तो कागद आधी पुढे. आपल्या मनाने मात्र काही बंद करायचं नाही. प्रीगॅबॅलिन एकदम सोडलं तर त्रास होतो, आणि आमवातातल्या स्टेरॉइडचं तर विचारूच नका, ती बरेच दिवस चालू असेल तर झटक्यात थांबवणं धोक्याचं आहे. स्टेरॉइडने वजनही वाढतं आणि संध्याकाळी उशिरा घेतली तर झोपही उडते, म्हणून ती सकाळी नाश्त्यानंतर घेऊ का एवढं डॉक्टरला विचारून घ्या.

पहाटे तीनला मास्क काढून ठेवणं

"चार तास लावला, झालं की", हे मी सहा महिने म्हणत होते. चार तासांचा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय तो वापर मोजायची किमान रेघ म्हणून आलेला आहे, तेवढ्यात उपचार पूर्ण होतो असा त्याचा अर्थ नाही. गंमत अशी की स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात आणि श्वास जास्त अडतो. म्हणजे मी नेमका सगळ्यात वाईट भाग उघडा सोडत होते. २०१६ मधे सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला होता, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले सुमारे २७०० लोक, आणि सीपॅपने हार्ट अटॅक स्ट्रोक कमी झाले नाहीत असं निघालं, लोक तेवढंच सांगतात. पण त्यात लोकांनी मशीन लावली होती रात्री सरासरी ३.३ तास, हेही सोबत सांगायला हवं. दिवसाची झोप आणि मन मात्र त्या लोकांचंही सुधारलं होतं.

माझा मास्क पहाटे निघायचा त्याचं खरं कारण हात होते. पाच साडेपाचला माझी बोटं शेवग्याच्या शेंगेसारखी ताठ असतात, मूठ वळत नाही, चिमटीत काही धरता येत नाही. बाथरूमला जायचं म्हणून मास्क ओढून काढायचा आणि मग परत तो पट्टा मागे नेऊन क्लिप बसवायची म्हणजे अंधारात सुई ओवण्यासारखं. तेव्हा कंटाळून बाजूला ठेवून द्यायची. शेवटी टेक्निशियनने दाखवलं की मास्क काढायचाच नाही, समोरची नळी फक्त अलग होते, मास्क तोंडावर ठेवूनच जाऊन यायचं आणि नळी परत लावायची. एवढीशी गोष्ट, सहा महिने कोणी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. ज्यांचे हात दुखतात त्यांनी मास्क घेतानाच दुकानात बसून, सकाळच्या कडक बोटांचा विचार करून, पाच वेळा काढघाल करून बघा. पट्टे फार आवळू नका, आवळला की गळती थांबते असं वाटतं पण उलट मास्कची मऊ गादी चुरगळते आणि अजून फुसफुस होते.

चुंबकाच्या क्लिपचे मास्क हाताला फार सोपे, पण घरात कोणाला पेसमेकर असेल, छातीतलं शॉक देणारं मशीन असेल, डोक्यात शंट (पाणी काढायची नळी) किंवा धातूची क्लिप असेल तर ते नको. बाजूला झोपणाऱ्याला असेल तरी नको, कारण ते चुंबक अशा उपकरणापासून साधारण ६ इंच लांब ठेवायचं असतं आणि एका पलंगावर ते जमत नाही.

नागपूरची हवा विसरणं

मशीनसोबतच्या पुस्तकात आपला मे महिना नाही. ४५ च्या वर पारा, हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, तेव्हा ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनच्या हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी, कमी ठेवला तर घसा सोलून निघतो. आणि कूलर लावला की उलट, खोलीच दमट होते, त्याच सेटिंगवर नळीत पाणी जमतं आणि रात्री दोनला गुडगुड गुडगुड करत नाकात थेंब येतो. लोक घाबरतात, मशीन बिघडली म्हणतात. बिघडलेली नसते. कूलरच्या दिवसात ओलावा एक दोन आकडे कमी करा, कूलरचा झोत नळीवर येऊ देऊ नका, मशीन डोक्यापेक्षा खाली स्टुलावर ठेवा म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. डिसेंबर जानेवारीच्या थंडीतही नळी गार पडून तेच होतं, तेव्हा नळीला कापडाची खोळ घाला किंवा ती पांघरुणाच्या आतून घ्या. कूलरसमोर ठेवलेल्या मशीनचा फिल्टर लवकर मळतो, दर आठवड्याला बघत जा.

पाण्याचं एक. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी डिस्टिल्डच असतं ना, म्हणून ते ह्युमिडिफायरमधे टाकणारे मी दोघे तरी पाहिले. ते श्वासात घ्यायला बनवलेलं नाही, कॅन कुठे भरला काय माहीत. मेडिकल स्टोअरमधून सीलबंद डिस्टिल्ड वॉटर घ्या, रोज सकाळी उरलेलं ओतून द्या, टाकी कोरडी करा. आमच्यासारखे लोक, जे आमवातासाठी मेथोट्रेक्सेट वगैरे घेतात, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधाने कमी केलेली असते, त्यांनी यात आळस करूच नये. मास्कची गादी रोज साध्या सौम्य साबणाने, नळी आठवड्याला.

लाइट गेल्यावर मशीन बंद पडते आणि गुदमरल्यासारखं वाटतं, त्याने कोणी मरत नाही, मास्कमधे हवा जायला जागा असते, पण जाग येते. इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायरची गरम प्लेट बंद केली तर बॅटरी खूप वेळ पुरते.

कोविडच्या वेळचं ऑक्सिजन मशीन काढणं

बऱ्याच घरात पडून आहे. रात्री ऑक्सिजन कमी होतो ना मग लावा ऑक्सिजन, असं वाटणं साहजिक आहे. पण बंद घसा ऑक्सिजनने उघडत नाही, उघडतो तो दाबाने. आणि ज्याला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा जुना दम लागायचा आजार आहे त्याला रात्रभर मनाने ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, सकाळी माणूस गुंगीत, डोकं फुटल्यासारखं. अशांना कधी सीपॅप पुरतो, कधी बायपॅप, म्हणजे श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारी मशीन लागते, ते रक्ताची गॅसची तपासणी करून ठरतं.

हृदय कमजोर असेल तर अजून सांभाळून. त्यात घसा बंद न होताही श्वास थांबतो, मेंदूच सिग्नल देत नाही. घरची छोटी टेस्ट यात चुकू शकते, रात्रभराची लॅबमधली करायला सांगतात तेव्हा पैशासाठी टाळू नका. आणि एएसव्ही नावाची, श्वासागणिक दाब आपोआप बदलणारी जी मशीन आहे, ती इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ४५ टक्के किंवा कमी असलेल्या आणि अशा मेंदूकडच्या ॲप्नियाच्या हार्ट फेल्युअरवाल्यांमधे २०१५ च्या अभ्यासात उलट जास्त मृत्यू घेऊन आली होती. म्हणून दुसऱ्याची पडून असलेली मशीन "घेऊन जा ना काकू" म्हणून कोणी दिली तरी घेऊ नका. त्यात त्यांचं प्रेशर, त्यांच्या आजाराची मशीन. शिवाय जून २०२१ मधे फिलिप्सने आतल्या फोममुळे जुन्या बऱ्याच मशीन परत मागवल्या होत्या, त्यातली आहे का ते नंबरावरून बघावं लागतं.

मशीन आली म्हणून गोळ्या कमी करणं

सीपॅपने बीपी उतरतं पण सरासरी दोन तीन आकडेच, शुगरचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी) तर उतरेलच असं नाही. मशीन औषधाच्या जागी येत नाही, सोबत येते. वजन १० टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिस्सा कमी होतो, चांगलं आहे, पण ३४ चा पाव हिस्सा गेला तरी २५ उरतात. वजन उतरवलं, वजनाचं नवीन इंजेक्शन घेतलं, तरी मशीन बंद करायच्या आधी परत टेस्ट.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी भूल देणाऱ्या मॅडमला पहिल्याच भेटीत मशीन दाखवली, कार्डवरचा रिपोर्टही, रोजचे तास, गळती, उरलेला एएचआय. त्यांनी भुलीचा बेत बदलला, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल ऐवजी पायाला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि सिस्टरला सांगून ठेवलं की दुपारी डुलकी लागली तरी मास्क लावायचा. बॅगेत गाऊन, टॉवेल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली, एवढं मी आदल्या रात्रीच भरून ठेवलं होतं. बोर्ड लागलाच, पलंगाजवळचा प्लग आधीच सलाइनच्या पंपाने घेतला होता.