डिस्क ब्रेकमधील हवा काढताना

दुचाकीच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर तो कडक लागण्याऐवजी स्पंजासारखा आत जात असेल, तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. ऑइल दाबले तरी आकसत नाही, त्यामुळे बोटांचा जोर थेट कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या) पिस्टनपर्यंत पोहोचतो. हवा मात्र आकसते आणि बराचसा जोर तिलाच दाबण्यात खर्ची पडतो.

पाण्याचा त्रास याहून छुपा असतो. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारांची ब्रेक ऑइले हवेतील ओलावा शोषून घेतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांबलचक घाट सतत ब्रेक दाबून उतरताना ऑइल इतके तापले की त्याची वाफ होते आणि ऐन वळणावर लिव्हर पोकळ लागतो. म्हणूनच गाडी कमी चालली असली, तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. कोकणासारख्या दमट हवेत तर त्यात मुळीच चालढकल करू नये.

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच ऑइल सीलबंद बाटलीतून घ्यावे. गेल्या वर्षी फोडलेली अर्धी बाटली वापरण्याचा मोह टाळावा. सिलिकॉनचे डॉट ५ हे निराळे ऑइल आहे, ते डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नये. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके पसरावे आणि थेंब सांडलाच तर लगेच भरपूर पाणी ओतावे.

पुढच्या ब्रेकसाठी गाडी मेन स्टँडवर घेऊन, डबी सपाट राहील असे हँडल वळवावे. झाकणाचे स्क्रू बहुधा घट्ट बसलेले असतात. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर जोराने दाबूनच फिरवावा, नाहीतर त्यांची खाच झिजते. कॅलिपरच्या निपलवर (हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूवर) आधी रिंग पाना चढवावा, मग पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून धरून ठेवावा, निपल पाव फेरा सैल करावा, ऑइल बाहेर येऊ द्यावे, निपल बंद करावा आणि त्यानंतरच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकला, की बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. दर चार-पाच वेळांनी डबीत ऑइल भरत राहावे. पातळी किमान खुणेखाली गेली तर सारी मेहनत वाया जाते.

नळीकडे नीट पाहावे. आधी काळ्या चहासारखे गढूळ ऑइल येते, मग मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ दिसते आणि शेवटी मधासारखा फिकट, सलग प्रवाह सुरू होतो. एवढे करूनही लिव्हर मऊच लागला, तर मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळ ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) वरच्या जोडात हवा अडकलेली असू शकते. अशा वेळी लिव्हर दाबून रात्रभर बांधून ठेवल्यास ती हवा पुष्कळदा हळूहळू वर सरकते. एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिच्या युनिटमध्येच हवा शिरली असेल, तर दोष शोधणारे डायग्नोस्टिक यंत्र लागू शकते. तिथे हट्ट न धरता गाडी कार्यशाळेत न्यावी.

काम संपल्यावर निपल बेताने आवळावा, कारण तो तुटला तर कॅलिपरच बदलण्याची पाळी येऊ शकते. त्यावर रबरी टोपी बसवावी, लिव्हर मिनिटभर जोराने दाबून कुठे गळती आहे का ते पाहावे आणि मोकळ्या जागी अगदी सावकाश गाडी चालवून ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.