अ‍ॅन हचिन्सनचा खटला वाचायचाय? मग असा वाचा

अ‍ॅन हचिन्सनबद्दल शोधलं की सगळीकडे एका ओळीत उरकलेलं असतं, प्युरिटन (चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या कडव्या ख्रिस्ती पंथातली) बाई, धार्मिक स्वातंत्र्यासाठी लढली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतून हाकलली गेली, संपलं. चूक नाहीये, पण त्यातनं हाताला काही लागत नाही. तिच्या १६३७ च्या खटल्यातली प्रश्नोत्तरं कोणीतरी तेव्हाच टिपून ठेवली होती, ती आज नेटवर फुकट मिळतात, आणि एका दुपारी वाचून होतात. फक्त थेट उडी मारलीत तर दुसऱ्या पानावर गटांगळ्या खाल, म्हणून सांगते कसं वाचायचं ते.

आधी कुठली प्रत घ्यायची ते ठरवा, कारण दोन आहेत. एक १६४४ मध्ये लंडनला छापलेली, गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपच्या कागदपत्रांवरून, वर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, थॉमस वेल्डची प्रस्तावना. हे दोघंही खटल्यात तिच्या विरोधात, त्यामुळे त्यात ती उद्धट आणि सैतानाच्या नादी लागलेलीच दिसणार. दुसरी १७६७ ची, थॉमस हचिन्सनने लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाला परिशिष्ट म्हणून जोडलेली. हा थॉमस म्हणजे अ‍ॅनचा खापरपणतू, पुढे तिथलाच ब्रिटिश राजाचा गव्हर्नर झाला, तो किस्सा वेगळाच. सुरुवात या दुसऱ्या प्रतीने करा, त्यात सवाल-जवाब नाटकासारखे ओळीने येतात. विन्थ्रॉपवाली नंतर वाचा, म्हणजे जिंकलेला माणूस तीच गोष्ट कशी फिरवून सांगतो ते कळेल.

मग वाचण्याआधी भांडण काय होतं तेवढं समजून घ्या, पूर्ण धर्मशास्त्र नको. माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, चांगल्या वागण्याने नाही, हे प्युरिटन सगळेच मानायचे. प्रश्न असा की अमुक माणूस तरलाय हे ओळखायचं कसं? बहुतेक पाळक म्हणायचे वागणूक बघा. अ‍ॅन म्हणायची वागणूक कोणीही दाखवू शकतो, खूण आतून मिळते, आणि बाकीचे पाळक खरं तर कर्मांचा करारच (म्हणजे चांगल्या वागण्याने तरता येतं हेच) शिकवतायत, कृपेचा करार (देवाच्या कृपेनेच तरता येतं हे) नीट शिकवणारे दोघंच, जॉन कॉटन आणि तिच्या नणंदेचा नवरा जॉन व्हीलराइट. आता हे राजकारण कसं झालं बघा, त्या कॉलनीत मत द्यायचं तर पुरुष असून मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद असावं लागायचं, आणि सभासद कोणाला करायचं ते मंडळी आणि पाळक वागणूक-अनुभव तपासून ठरवायचे. खूण आतलीच असेल तर त्यांच्या तपासणीला अर्थ काय उरला? म्हणून एवढा गहजब.

माणसंही ओळखून ठेवा. अ‍ॅन ४६ वर्षांची, इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या आल्फर्ड गावची, कापडाचा व्यापारी विल्यमची बायको, पंधरा मुलांची आई, बाळंतपणं करायला घरोघर जाणारी. तिचे वडील फ्रान्सिस मार्बरी स्वतः पाळक, बिशपांवर टीका केली म्हणून त्यांनीही तुरुंग बघितलेला, म्हणजे कोर्टात उलट बोलायचं बाळकडू घरचंच. १६३४ मध्ये कॉटनच्या मागोमाग हे कुटुंब बोस्टनला आलं. रविवारच्या प्रवचनावर बायकांशी बोलायला तिने घरात बैठका सुरू केल्या, मग पुरुषही यायला लागले, साठ-साठ ऐंशी-ऐंशी माणसं, त्यात तरुण गव्हर्नर हेन्री व्हेनसुद्धा. आणि तिच्या घरासमोर राहायचा कोण तर विन्थ्रॉप. मे १६३७ मध्ये व्हेन निवडणूक हरला, विन्थ्रॉप परत गव्हर्नर झाला, ऑगस्टमध्ये व्हेन इंग्लंडला निघून गेला, आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅनला बोलावणं आलं. खटला बोस्टनला नाही हं, नदीपलीकडे न्यूटाउनला, म्हणजे आजच्या केंब्रिजला, कारण बोस्टनमध्ये तिची माणसं फार होती. आरोप करणारा विन्थ्रॉप आणि न्यायाधीशांच्या खुर्चीवरही विन्थ्रॉपच. वकील नाही, ज्युरी नाही.

आता शेजारी बायबल उघडं ठेवा, मराठी चालेल, उलट बरंच पडेल कारण सतराव्या शतकातल्या इंग्रजीशी झटापट चालू असताना संदर्भ तरी आपल्या भाषेत पटकन सापडतात. तीताला पत्र अध्याय २, प्रेषितांची कृत्ये १८, उत्पत्ती २२, दानीएल ६, एवढ्या चार जागी खूण घालून ठेवा. ती वचनं फेकते ती नेम धरून, आणि मूळ वाचल्याशिवाय तो नेम दिसत नाही.

पहिला दिवस पेन्सिल घेऊन वाचा आणि "आरोप" दिसेल तिथे रेघ मारा. फार रेघा होणार नाहीत, तीच गंमत आहे. ती सरळ म्हणते, मला उत्तर द्यायला बोलावलंत पण माझ्यावर आरोप काय ते ऐकूच येत नाहीये. विन्थ्रॉप म्हणतो सांगितलेत की काही. ती म्हणते एक नाव घ्या साहेब. मग निघतं की तू व्हीलराइटच्या माणसांना पाठिंबा दिलास, ती म्हणते तो सद्सद्विवेकाचा प्रश्न. मग निघते आईबापाचा मान राख ही पाचवी आज्ञा, म्हणजे सरकार हे मायबाप आणि तू त्यांचा अपमान केलास! शेवटी वैतागून विन्थ्रॉप म्हणतो की बायकांशी वाद घालायचा आमचा विचार नाही. बैठकांवरून धरलं तेव्हा तिने तीताचं पत्र काढलं, वयस्कर बायकांनी तरुण बायकांना शिकवावं असं स्वच्छ लिहिलंय. आणि मग माझी सगळ्यात आवडती जागा येते, मी बायकांना शिकवणं तुम्हाला बेकायदा वाटतं, मग कोर्टाला शिकवायला मला कशाला बोलावताय? ही प्रश्नोत्तरं मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दोघांनी मिळून, विन्थ्रॉप कुठे अडखळतो ते ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी वेग कमी करा. सकाळी ती मागणी करते की माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या पाळकांनी शपथेवर बोलावं, आणि पाळक मंडळी चुळबुळ करायला लागतात. नंतर कॉटन सांगतो की बाकीचे पाळक कर्मांच्या कराराखाली आहेत असं ती म्हणाल्याचं मला काही आठवत नाही. इथे थांबा. खटला जवळजवळ ढासळलाय. आणि नेमकी इथेच अ‍ॅन, फारसं कोणी न विचारता, आपल्याला देव कसं दाखवून देतो ते सांगायला लागते. हे देवाकडूनच आलंय हे कळलं कसं असं विचारल्यावर ती उलट विचारते, मुलाचा बळी दे असं सांगणारा देवच आहे हे अब्राहामाला कसं कळलं? डेप्युटी गव्हर्नर डडली म्हणतो, प्रत्यक्ष वाणीने. मलाही तसंच, ती म्हणते. वर दानीएलसारखी मीही सुटेन आणि मला त्रास दिलात तर तुमच्यावर, तुमच्या मुलाबाळांवर शाप येईल. संपला विषय, कोर्टाला हवं ते आयतं मिळालं.

तिने असं का केलं यावर अभ्यासक आजही भांडतात. मला विचाराल तर तो तोल जाणं वगैरे नव्हतं, दोन दिवस कायद्याच्या भाषेत बोलून झाल्यावर ती स्वतःच्या भाषेत बोलली एवढंच. पण तुमचं मत तुम्ही बनवा, आणि ते बनवताना कोर्टाचाच सभासद असलेल्या विल्यम कॉडिंग्टनचं भाषण गाळू नका, भर कोर्टात तो म्हणाला की हिने ना देवाचा कायदा मोडलाय ना देशाचा. तरी हद्दपारी झालीच. कारण काय असं तिने विचारलं तर उत्तर आलं, कोर्टाला माहितीये आणि कोर्टाचं समाधान झालंय.

एक पथ्य पाळा, "धार्मिक स्वातंत्र्य" हे लेबल आल्या आल्या चिकटवू नका. सगळ्यांना आपापला धर्म पाळू द्या असं ती या खटल्यात कुठेही म्हणत नाही, बाकीचे पाळक चुकतायत असं तिचं म्हणणं आहे, आणि ते ठासून आहे. तिचा लढा आपल्या आत आलेला आवाज कोणाच्या परवानगीशिवाय मानण्याचा होता.

हे पचलं की मार्च १६३८ चा मंडळीतला खटला घ्या, तोवर तिने हिवाळा रॉक्सबरीला वेल्डच्या भावाच्या घरी नजरकैदेत काढलाय, तेही गरोदरपणात. यात फक्त कॉटनवर लक्ष ठेवा. ज्याच्यासाठी ती समुद्र ओलांडून आली तो आता सगळ्यांसमोर तिला म्हणतो की तू नवऱ्याशी बेइमान झाल्याचं मी ऐकलेलं नाही, मला तसं वाटतही नाही, पण तुझ्या मतांचा शेवट तिथेच होणार. नोव्हेंबरमधली त्याची साक्ष शेजारी ठेवून वाचा. तिला बहिष्कृत केल्यावर तिच्याबरोबर उठून बाहेर गेली ती मेरी डायर, हिलाच पुढे १६६० मध्ये क्वेकर (प्युरिटनांना नको असलेला दुसरा ख्रिस्ती पंथ) म्हणून बोस्टनला फाशी दिलं, त्यामुळे पुढचं वाचन कोणाचं करायचं तेही इथेच ठरून जातं.