भंगारातला अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीचा?

भुसावळच्या भंगारात किंवा गावाकडच्या जुन्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, अॅल्युमिनियमचा अँटेना हाती लागला, की नवशिके थेट नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीला चालतो ते तपासायचं छोटं यंत्र) काढतात. आधी मोजायची टेप काढा.

यागीत, म्हणजे एका दांड्यावर अनेक आडव्या दांड्या असलेल्या अँटेन्यात, केबल जिथे जोडलेली असते ती दांडी टोकापासून टोकापर्यंत मोजा. १४२.५ ला मीटरमधल्या लांबीने भागलं की मेगाहर्ट्झ मिळतात. ९८ सेंमी म्हणजे १४५, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा बँड. ७१ सेंमी म्हणजे २००, दूरदर्शनच्या जुन्या व्हीएचएफ चॅनेलांचा पट्टा. जाड पाइप असेल तर लांबी थोडी कमी भरते, तेवढी सूट द्या. उभी क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबीची) दांडी असेल तर ७१ ला लांबीने भागा. केळीच्या बागेतल्या ८६६ मेगाहर्ट्झच्या सेन्सरची तार सव्वाआठ सेंमीच असते. रबरी अँटेन्यात मात्र आत तार गुंडाळलेली असते, तिथे हे गणित विसरा.

मल्टिमीटरने शॉर्ट दाखवला म्हणून अँटेना फेकू नका. फोल्डेड डायपोल (लांबट कडीसारखी दुमडलेली दांडी) मुळात अखंडच असतो.

आता व्हीएनए. ओपन (उघडं टोक), शॉर्ट (जोडलेलं टोक), लोड (५० ओहम) हे तीन तुकडे लावून करायचं कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करा. खानदेशातल्या मे महिन्याच्या दुपारी धाब्यावर रीडिंग सरकतं, म्हणून हे काम सकाळी उरका. मग ५० ते ९०० मेगाहर्ट्झ स्वीप करा आणि आलेखात एसडब्ल्यूआरची (किती सिग्नल परत येतो त्याचं माप; १ सर्वांत चांगलं) दरी, म्हणजे तो खाली उतरतो ती जागा, शोधा. पण दिसेल ती दरी खरी मानू नका. १४५ चा अँटेना तिप्पट फ्रिक्वेन्सीला, ४३५ च्या आसपासही दरी दाखवतो. म्हणून टेपच्या उत्तराशी जुळणारी सर्वांत खालची दरी धरा. १० मीटर केबल मध्ये राहिली असेल, तर दर १० मेगाहर्ट्झला एक अशा सारख्या अंतरावरच्या दऱ्या येतात. त्या केबलच्या. खात्री करायची तर दांडीच्या टोकाजवळ हात न्या: दरी हलली तर ती अँटेन्याची, नाही हलली तर केबलची.

सगळीकडेच एसडब्ल्यूआर कमी दिसला तर खूश होऊ नका. उन्हाने तडकलेल्या केबलीत पाणी शिरलं की सिग्नल वाटेतच जिरतो आणि परत काही येत नाही. उलट, बलून (अँटेना आणि केबल यांचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) नसलेला नुसता फोल्डेड डायपोल ३०० ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे ५० ओहमच्या मीटरवर तो ६ च्या खाली फारसा उतरत नाही. अशा वेळी मीटरवर रिअॅक्टन्स (ओहममधला X हा आकडा) शून्य होतो ती फ्रिक्वेन्सी घ्या.