चकलीच्या भावात गॅस कसा धरायचा?

घरून फराळाच्या ऑर्डरी घेताना भाजणी, तेल, पिशव्या यांचा हिशोब लागतो. गॅसचा मात्र अंदाजपंचे धरला जातो आणि तिथेच नफा झिरपतो. माणसाचं वजन करायचा डिजिटल काटा घरात असेल तर काम सोपं आहे.

1. घाणा घालायच्या आधी रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर काट्यावर उभा ठेवा. आकडा वहीत लिहा.
2. शेवटचा घाणा निघाला, शेगडी निवली की पुन्हा वजन करा.
3. सिलिंडरची किंमत भागिले 19 (भरलेल्या सिलिंडरमधला गॅस, किलोत), गुणिले जळालेले किलो. झाला त्या दिवसाचा गॅस.

समजा 10 किलो चकल्यांना 1.9 किलो गॅस गेला, तर सिलिंडरचा बरोबर दहावा हिस्सा संपला. तो 10 किलोवर वाटून भावात घाला. अनारशांचं आणि शेवेचं वजन वेगळं घ्या. मंद आचेवरचे अनारसे आणि भरभर निघणारी शेव यांना एकच दर लावू नका.

आणि हो, 19 म्हणजे व्यावसायिक सिलिंडर. घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर विक्रीच्या मालासाठी वापरायला परवानगी नाही. वजनासाठीसुद्धा कुठलाच सिलिंडर कधी आडवा करू नका.