मानकुरादचे कोयकलम घरच्या घरी कसे बांधावे

गोव्यातल्या मानकुराद आंब्याची कोय रुजवली की मानकुरादच येईल, याची खात्री कुणी देऊ नये. कोयीत दुसऱ्या झाडाच्या परागाचाही वाटा असतो. तोच आंबा हवा तर कलमच हवे. कुठल्याही कोयीच्या कोवळ्या रोपावर मानकुरादची काडी जोडली की झाले कोयकलम. गोव्यात त्यासाठी जून ते ऑगस्ट यासारखे दिवस नाहीत. हवा ओली असते, ऊन बेताचे असते आणि सासव या आंब्याच्या कालवणासाठी आणलेल्या घोंटांच्या, म्हणजे लहान रायवळ आंब्यांच्या, कोयी परसात पडलेल्याच असतात.

कोय ताजी घ्या, आठवड्याच्या आत पिशवीत आडवी रुजवा, वर दोन बोटे माती. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो.

कोंबाची पाने तांबूस आहेत आणि खोडात नख सहज रुततेय, तेवढेच दिवस तुमचे. पाने हिरवी झाली की खोड लाकूड धरू लागते आणि जोड अवघड होतो. या वयाचे रोप बहुतेक कोयीतल्या दोन दलांवर जगते, कारण सगळा अन्नसाठा तिथे आहे. आपण शेंडा कापणार म्हणजे त्याची पानेही जाणार. मग नवी पालवी येईपर्यंत खालच्या भागाला तोच डबा. कोय निखळलेल्या रोपावर कलम बांधण्यात वेळ घालवू नका.

काडी मात्र ८-१० दिवस आधी तयार करावी लागते. दरवर्षी चांगल्या धरणाऱ्या मानकुरादच्या झाडाची, ३ ते ४ महिने वयाची, उन्हातली, रोपाच्या खोडाएवढी जाड फांदी निवडा. तिची पाने कापा, देठ राहू द्या. पाने गेली की फांदीतला जोर शेंड्याच्या डोळ्याकडे वळतो, डोळा फुगतो. बोट लावताच देठ गळून पडू लागले की काडी तयार समजा. देठाच्या बुडाशी झाडाने स्वतःच सुटण्याचा थर धरलेला असतो, त्यामुळे जखम उरत नाही. देठ ओढावा लागत असेल तर आणखी दोन दिवस थांबा. काडी १० ते १५ सेंटीमीटर पुरे.

आता जोड. बहुतेक कलमे इथेच मरतात.

काडीचे टोक तासून बघा. बाहेर साल, आत पांढरट लाकूड आणि दोघांच्या मध्ये ओलसर, हिरवट, केसाएवढी रेघ. तिला ऊतिकर म्हणतात. खोडात आतल्या बाजूला पाणी चढवणाऱ्या नळ्या आणि बाहेरच्या बाजूला अन्न उतरवणाऱ्या नळ्या हीच रेघ तयार करते. रोपाची रेघ आणि काडीची रेघ एकमेकींना टेकल्या तरच दोन्हीकडच्या पेशी वाढून मधली फट भरतात आणि नळ्या जोडल्या जातात. माडाला आणि पोफळीला अशी सलग रेघच नसते, म्हणून त्यांची कलमे होत नाहीत. आंब्याला ती आहे, पण आपल्याला ती नेमकी जुळवावी लागते.

रोप कोयीपासून ७-८ सेंटीमीटरवर आडवे कापा आणि मधोमध ४ सेंटीमीटर उभा चिरा द्या. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर करा. प्रत्येक बाजू एकाच ओढीत उतरली पाहिजे. पाते करवतीसारखे पुढेमागे नेले की कापावर लाटा राहतात आणि त्या खळग्यांत जोड धरत नाही. हिरवी रेघ पाचरीच्या दोन्ही कडांना सलग दिसली पाहिजे. पाते नवे घ्या, चार-पाच कलमांनंतर चीक स्पिरिटने पुसा. कापलेल्या भागाला बोट लावू नका. आंब्याचा काप बघता बघता काळवंडतो, म्हणून पाचर केल्यापासून मिनिटाच्या आत ती चिऱ्यात बसली पाहिजे.

काडी बारीक निघाली तर ती चिऱ्याच्या मधोमध बसवू नका. मधोमध बसली की दोन्हीकडच्या रेघा चुकतात. एका बाजूला सरकवा आणि त्या बाजूची साल सालीला लावा. एक बाजू जुळली तरी कलम जगते. कापावर मध, हळद, शेण लावायचा सल्ला मिळेल. यातले काहीच लावू नका. दोन रेघांच्या मध्ये आलेली प्रत्येक वस्तू म्हणजे अडसर.

बांधायला दीड-दोन सेंटीमीटर रुंद प्लॅस्टिकची पट्टी घ्या. सुतळी नको, ती पाणी शोषते. सुरुवात चिऱ्याच्या खालून करा आणि वर जा. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे, छपरावर वरचे कौल खालच्यावर चढते तसा. उलटे बांधले की आपल्याकडचा पाऊस प्रत्येक वेढ्यातून आत शिरतो आणि चौथ्या दिवशी जोड बुरशीने काळा पडतो. पट्टी ताणूनच गुंडाळा. काडी बोटाने हलली तर सोडून पुन्हा बांधा.

वरून बर्फाच्या पेप्सीची लांब पिशवी घालून खाली सैल बांधा. काडीला अजून पाणी पोचत नाही, आतली ओलच तिला तगवते. रोप सावलीत आणि पागोळीपासून दूर ठेवा. पालवी पिशवीला टेकली की संध्याकाळी पिशवी काढा.

दहाव्या दिवशी आलेल्या पालवीवर विसंबू नका. काडी स्वतःच्या साठ्यावरही फुटते आणि जोड धरला नसेल तर तीच पालवी आठवडाभरात लोंबते. पाने पूर्ण उघडून ताठ, हिरवी राहिली की कलम धरले. जोडाच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा घोंटाचा. तो दिसताच खुडा.

तीन महिन्यांनी पट्टी सोडा. विसरलात तर ती सालीत रुतते, वरून उतरणारे अन्न तिथेच अडते आणि पट्टीच्या वर गाठ येते.

पुढच्या पावसात लावताना सोटमूळ पिशवीच्या तळाशी गुंडाळलेले असेल तर वळलेला भाग छाटा, नाहीतर ते चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीत खाली उतरणार नाही. जोड मातीच्या वरच ठेवा.